आठ हजार किलोमीटर आणि आईचे दोन दिवस

ती बावीस वर्षं विमानाची तिकिटं काढून देत होती. काउंटरवर येणारे बहुतेक जण निघायच्या आणि पोचायच्या वेळेची वजाबाकी करून मोकळे व्हायचे. मग ही शांतपणे सांगायची, की तिकडची घड्याळं मागे आहेत, प्रवास चार तासांचा नाही, दहा तासांचा आहे. ऑफिसात तिला सगळे ‘तासबाई’ म्हणत.

तिच्या आईला परदेशी राहणाऱ्या थोरल्या बहिणीला भेटायचं होतं. एकवीस वर्षं दोघी फोनवरच बोलत होत्या. मावशी आता पलंगावरून उठत नव्हती आणि आईचं दिवसाआड डायलिसिस चालू होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, की त्याशिवाय फार तर दोन दिवस चालवून घेऊ, तिसरा नाही.

धाकट्या भावाने मोबाइल पुढे केला. त्यावर दोन्ही विमानतळांमधलं अंतर आठ हजार शंभर किलोमीटर आणि वेळ साडेदहा तास असं लिहिलं होतं. एवढ्याशा प्रवासाचा काय बाऊ करायचा, असं त्याचं म्हणणं पडलं. तिने त्याला समजावलं, की ही नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेली वेळ आहे. तसं थेट विमानच नाही. मधे बदलायचं, थांबायचं, घरापासून घरापर्यंत धरलं तर सत्तावीस तास. आणि दुसरं विमान चुकलं, की आईचा तिसरा दिवस उजाडला.

तिने प्रवासाचे दोन तुकडे केले. मधल्या शहरातल्या एका हॉस्पिटलला आठ पत्रं पाठवली, तेव्हा कुठे डायलिसिससाठी बुधवारी सकाळची वेळ मिळाली. भाऊ हसला. “ताई, साडेदहा तासांना तीन दिवस? तूच करू जाणे.”

सोमवारी इथलं डायलिसिस उरकून मंगळवारी मायलेकी निघाल्या. बुधवारी मधल्या शहरात आईच्या हाताला सुया टोचल्या, तेव्हा तासबाईच्या जिवात जीव आला. संध्याकाळी विमानतळावर गेल्या, तर धुक्यामुळे विमान रद्द. एकोणीस तास खोळंबा झाला. आसपासची माणसं कावली होती. आई मात्र बाकावर पाय पसरून स्वस्थ झोपली. ही तिच्या पायांवरची सूज तेवढी अधूनमधून दाबून बघत राहिली.

गुरुवारी त्या मावशीच्या खोलीत पोचल्या. आईने पलंगाशी खुर्ची ओढली आणि बहिणीचा हात हातात घेतला. मग लेकीकडे वळून म्हणाली, “दोन दिवसांवर तर होती गं अक्का. आधी का नाही आणलंस मला?”

इतकी वर्षं आपण लोकांना पाठवत राहिलो आणि घरचंच राहून गेलं, हे तिला लागलं. ती उठून पाणी आणायला गेली.

परत आली तेव्हा दोघी बहिणी वडिलांची उंची किती होती, यावरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी, तिथल्या हॉस्पिटलात ठरवलेल्या शुक्रवारच्या डायलिसिसला आई मोठ्या नाखुशीने उठली. भांडण अर्धवट राहिलं होतं.