कान लावायचा तास

कालिंदीबाईंनी टीव्हीची पिन उपटली अन् म्हणल्या, "कान लावा."

एकतीस लेकरं फरशीवर आडवी झाली. एक गाल खाली, डोळे मिटलेले. कोणी हासंना, कोणी खोकंना. मी मुन्नाची घरी राहिलेली वही द्यायला वर्गाच्या दारात उभी होते. मुन्ना माझा भाऊ, तिसरीत हाय. घरी एक मिनिट बूड टेकत न्हाई ते पोरगं, तिथं मेल्यावानी पडलं होतं. बाईंचे दोन्ही तळहात भिंतीला चिकटलेले अन् नजर लेकरांच्या तोंडावर. माझ्या अंगावर काटा आला, खोटं काहून सांगू.

दोन मिनिटांनी बाईंनी टाळी वाजवली. लेकरं उठली, पिन लागली, टीव्हीवरचा हत्ती परत नाचाय लागला.

आमच्याकडं कळमनुरीच्या अंगाला जमिनीतून आवाज येतेत. सात-आठ वर्षं झाली. पाट्यावर वरवंटा घासावा तसा आवाज, पण लई खोल. कधी नुसता आवाज, कधी मांडणीवरची भांडी हालतात. मोठी माणसं म्हणतात, सवय झाली. बाईंना झाली न्हाई. आवाज आधी येतो अन् हादरा मागून, तेवढ्यात वर्ग मोकळा झाला पायजे, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून दिवसातून चार डाव सगळ्यांनी कान लावायचे. मधल्या टायमाला पाळीनं एक लेकरू कोपऱ्यात कान लावून पडायचं. ऐकू आलं की बोलायचं न्हाई, बोट वर करायचं. मग पाढा म्हणत, न पळता, ओळीनं भाहेर.

मी दुसरीत होते तवा बाई आल्या. मी नववीत शाळा सोडली, त्या तिथंच होत्या. टीव्ही आला तवा बाकीचे मास्तर तो लावून चहा प्यायला जायचे. बाई न्हाई. त्या त्याचा आवाज बंद करायच्या. म्हणायच्या, "चित्र टीव्हीचं, आवाज तुमचा." हत्ती पाच-पाच केळ्यांचे सात घड मांडायचा अन् लेकरं बाईंकडं तोंड करून वरडायची, "पाच सत्ते पस्तीस." मला नववीत असं कोणी शिकवलं असतं तर मी शाळा सोडली नसती.

पण ते कान लावणं शाळेत राहिलं न्हाई. मुन्ना जेवता जेवता ताट सरकवायचा अन् भुईला कान लावायचा. एकदा शाळा सुटल्यावर बघितलं, तर पारापाशी अकरा लेकरं रांगेनं पडलेली. कोणी सांगितलं न्हाई, कोणी बोलून राहिलं न्हाई. शाळेत खिचडी शिजवणारी पार्वतीमावशी मला म्हणली, "भुईचं सारखं ऐकू नये गं. आपून ऐकून राहिलो हे तिला कळते."

सरपंच उकंडरावांनी केंद्रप्रमुखाकडं तक्रार नेली. बाई टीव्ही बंद ठेवतात, लेकरायला भेव घालतात, बाईंना हलवा. साहेब उकंडरावांना संगं घेऊन तपासायला आले. बाई राहणार का जाणार, ते त्यांच्या कागदावर होतं, म्हणून मीबी जाऊन खिडकीपाशी उभी राहिले.

साहेब म्हणले, "आवाज काहून बंद?"

"आवाज लेकरांचा असतो, साहेब."

"मग टीव्ही काय शोभेला आणला?"

त्यांनी रिमोट घेतला. पडद्यावरची आवाजाची पट्टी शेवटपर्यंत गेली अन् हत्तीचं गाणं वर्गभर दणदणलं. बाईंचं तोंड पांढरं पडलं. कोपऱ्यात मुन्नाची पाळी होती. एक कान फरशीला, दुसऱ्यात बोट खुपसलेलं. ते बोट त्यानं काढलं अन् वर केलं.

बाईंनी पिन उपटली. "उठा."

बे एक बे. बे दुणे चार. लेकरं भाहेर निघाली. उकंडराव साहेबांना म्हणले, "बघा, हेच ते नाटक." साहेब हासले.

मी लिंबाखाली लेकरांपाशी गेले. मला काहीच ऐकू आलं न्हाई. बे साती चौदा. बे आठी सोळा. अन् मग भुई बोलली. तळपायातून वर, पार दातापर्यंत. आत टीव्ही भिंतीवरून पहिल्या ओळीच्या जागेवर पडला. साहेब अन् सरपंच चुन्यानं पांढरे होऊन भाहेर आले. कोणाला लागलं न्हाई. लेकरं पाढा म्हणतच होती अन् बाई एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजून राहिल्या होत्या.

मला वाटलं, आता गाव बाईंच्या पाया पडंल. दुसऱ्या दिवशी पारावर उकंडराव म्हणले, "तिनं सांगितलं अन् आलं. म्हंजे तिनंच बोलावलं." चार डोकी बराबर हालली. पार्वतीमावशीचं बी.

मी म्हणलं, "काका, तुमी पावसाचं मोबाईलवर बघता. मग पाऊस मोबाईल पाडते का?"

"तू गप बस. नववी नापास."

"नापास न्हाई. सोडली."

साहेबांनी लिहिलं, बाईंमुळं वर्गात भीतीचं वातावरण. बदलीचं निघालं. मी बाईंकडं गेले. म्हणलं, चौकशी मागा, मी साक्ष देते, मुन्ना देतो. माझं बोलणं संपेपर्यंत त्या माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"नको, शिवकन्या."

"काहून?"

"चौकशीत मलाच विचारतील, आवाज कसा होता."

मला काही कळलं न्हाई. बाई आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावकडच्या एका शाळेत गेल्या. भांडल्या न्हाईत म्हणून मला त्यांचा लई राग आला. सहा महिने भेटायला गेले न्हाई.

परवा कळमनुरीच्या बाजारात देवश्री भेटली, बाईंची पोरगी. मी तिच्यावरच राग काढला. ती शांतपणे म्हणली, "आईचे कान जमिनीचे आवाज सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीच गेलेत. ती ओठ वाचते. तो आवाज तिनं एकदाही ऐकलेला नाही."