भावकीतली आशाताई

मंजुषाचं नाव निघालं की माझ्या तोंडाची चव जाती. भावकीतली सून हाय ती. तिच्या सासऱ्याचा अन् आमचा बांधावरून दावा लागला त्याला पंचवीस साल झाले. त्यांच्या घरचं पाणी आमी पीत न्हाई, अन् आमच्या दारात त्यांनी पाय टाकायचा न्हाई, असा रिवाजच पडलाय. पण सरकारनं तिला आशाताई केली, अन् शिरूर कासारच्या अलीकडं आमची वस्ती हाय, तिथं कुणाच्या बी घरात घुसायचा परवाना तिच्या हातात दिला. कुणाला दिवस गेले, कुणाचं लेकरू दूध ओढत न्हाई, समदं हिच्या वहीत. चालती तर अशी, जणू तहसीलदारीणच निघाली.

नवरात्राच्या आधी माझ्या सुनेला, रोहिणीला, तालुक्याच्या दवाखान्यात पोरगी झाली. पोरगी गोरीगोमटी, पण उजवा पाय घोट्यातून आत मुडपलेला, टाच वर चढलेली. डॉक्टरनं कागद लिहून दिला, बीडला दाखवा म्हणून. तो कागद मी बोचक्याच्या तळाला घातला.

कावून म्हणाल, तर घरात एक पाय तसाच हाय. माझी लेक स्वप्ना, एकोणीस सालाची. पायाच्या कडंवर चालती. बैलाच्या खांद्याला पडावा तसा तिथं घट्टा पडलाय. दोन स्थळं बघून माघारी गेली. आता नातीचा बी पाय तसाच म्हणल्यावर गाव म्हणणार, या घराण्याचं बीजच वाकडं. म्हणून मी लेकरू बाळुत्यात घट्ट गुंडाळलं, तेल चोळलं, अन् रोहिणीला म्हणलं, ग्रहणात विळी धरली असशील तू. ती बिचारी रडत बसली.

तिसऱ्या दिवशी मंजुषा वजनकाटा घेऊन दारात हजर. मी उंबऱ्यातच आडवी झाले. म्हणलं, "पाचवी झाल्याबिगर आमच्यात लेकरू उघडीत न्हाईत." ती निमूट गेली. मला वाटलं, पीडा टळली.

पाचवीच्या दिवशी सांजच्याला पाटा मांडलेला, हळदकुंकू वाहिलेलं, सटवाईला नशीब लिहायला कोरा कागद अन् पेन ठेवलेला. चार बायका बसलेल्या. तेवढ्यात ही आली. बोलावणं न्हाई, काय न्हाई. पाट्यापशी फतकल मारून बसली अन् बाळुत्याला हात घातला.

"हात काढ," मी म्हणलं. "सटवाई लिहील तसं व्हईल."

"आत्याबाई, सटवाई आज रातच्याला लिहिणार ना? मग तिच्या आधी मला बघू द्या."

अन् चार बायकांसमोर पाय उघडा केला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडाला येईल ते बोलले मी, तिच्या माहेरापासून सासरापर्यंत. ती तळव्यावर बोट फिरवीत ऐकत व्हती. मग म्हणली, "दर हप्त्याला प्लास्टर बदलायचं. असे पाच-सहा घातले, टाचंमागं बारीक चीर दिली, की पाय सरळ येतो. हाडं कवळी हायेत तवरच सोपं हाय. आता न्हाई नेलं तर पुढं लई अवघड."

मी म्हणलं, "दसरा झाला की ऊसतोडीला टोळी निघती. नवराबायको मिळून एक कोयता धरतेत. रोहिणी मागं राहिली तर एकट्या गड्याला मुकादम गाडीत घेईल का?"

"मग तुमी जा. तुमचे हातपाय धड हायेत."

कोपऱ्यातून स्वप्ना म्हणली, "आई, नेऊ दे वहिनीला." तिच्याकडं बघितलं, अन् बोचक्याच्या तळाचा कागद काढून मंजुषापुढं टाकला.

अन् गेले मी. पाच सालापूर्वी ऊसतोड सोडली व्हती, ती पुन्हा धरली. माझा ल्योक अजिनाथ तोडायचा, मी मोळ्या बांधून डोक्यावर गाडीपतोर न्यायची. कंबर मोडली. पहाटं थंडीत मोळी उचलताना रोज एक शिवी मंजुषाच्या नावानं. फोनवर रोहिणी सांगायची, आज चौथं प्लास्टर झालं, आज चीर दिली, मंजूताई संग व्हत्या, त्यांच्याकडंच जेवले. त्यांच्याकडं जेवली! त्या दिवशी मी भाकरीला हात लावला न्हाई.

फाल्गुनात माघारी आले. पोरीचं नाव संस्कृती ठेवलं व्हतं. दोन्ही तळवे माझ्या हातावर घेतले. सारखे. कुठला पाय वाकडा व्हता ते मलाच ओळखू येईना. लई आनंद झाला, रडले बी. पण स्वप्ना शेजारी बसून बघत व्हती.

मंजुषा बूट बघायला आलती. पाय पुन्हा मुडपू नये म्हणून दवाखान्यातनं दिलेले, मधी पट्टी असलेले ते बूट, आता झोपतानाच घालायचे, पण चार सालं चुकवायचे न्हाईत. स्वप्नानं तिला इचारलं, "वहिनी, माझ्या बारीला असं कुणी सांगितलं न्हाई का?"

सांगितलं व्हतं. स्वप्ना आठ दिवसाची असताना मंजुषाची सासू, रुक्मिणीबाई, आमच्या दारात आलती. अंगणवाडीत मदतनीस व्हती ती. म्हणली, "बायना, दावा गड्यांचा हाय, लेकराचा न्हाई. बीडला ने, प्लास्टर घालतेत." मी तिच्या अंगावर चप्पल फेकली. दुश्मनाच्या तोंडचं कोण ऐकतं? टोळीची गाडी उभी व्हती, लेकरू काखंला मारलं अन् कारखान्यावर निघून गेले. सासूनं हे मंजुषाला सांगितलं न्हाई, असं व्हणारच न्हाई. भावकीत चप्पल कुणी इसरत न्हाई.

मी संस्कृतीचे पाय पदराखाली झाकून घेतले.

"न्हाई गं," मंजुषा म्हणली. "तवा हिकडं कुणालाच ठावं नव्हतं." माझ्याकडं तिनं बघितलं सुदिक न्हाई. वहीत कायतरी लिहिलं अन् गेली.

तिनं माझी इज्जत काढली असती तर मी भांडले असते. भांडता भांडता खरं बाहेर आलं असतं, अन् सुटले असते. आता ते मलाच सांगावं लागंल. रोज सकाळी ठरवते, आज सांगू. मग स्वप्ना पायाच्या कडंवर चालत चुलीपशी येती, माझ्या हातात चहा देती, अन् मी मंजुषाला शिव्या घालत चहा पिते.