पांढरं सिमेंट आणि पंखांच्या मुंग्या

मुंग्यांशी माझं वैयक्तिक भांडण नाही. कार्यक्रम ठरलेला असताना मध्येच कुणी आलेलं मला चालत नाही, एवढंच.

त्या रविवारी संध्याकाळी डोणगावचे पाहुणे आमच्या प्रणालीला बघायला येणार होते. प्रणाली इथे बुलढाण्यातच, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. मुलगी गुणी, पण आवडता विषय मुंग्या! आधीच्या पाहुण्यांनी "आवड काय?" असं विचारलं, तर हिने राणी, कामकरी, अंडी, अळ्या, कोष असं अख्खं वारूळ बैठकीत मांडलं. (त्यांनी पोहे अर्धेच खाल्ले.) म्हणून यावेळी माझी एकच अट होती.

"मुंग्यांचं नावही काढजो नको!"

"हाव आई, नाही काढत."

दुपारी पावसाची एक सर येऊन गेली. मी घरावर शेवटची नजर फिरवली, तर उंबरठ्याजवळच्या भोकातून पंखांच्या मुंग्या डोकावत होत्या आणि कामकरी मुंग्या त्यांना परत आत ओढत होत्या. (वेळ झाल्याशिवाय कुणी बाहेर यायचं नाही! पद्धत माझ्यासारखीच.) मी लगेच पांढरं सिमेंट कालवायला घेतलं.

"आई, काय करून राह्यली? आज त्याईचं लग्न हाय! याच दिवसाची वाट पाहतात त्या."

"त्याईचं उद्या होईन. आज तुयं पाह्यणं हाय!"

भोक बुजलं. मी हात धुतले. सगळं वेळेवर.

पाहुणे आले, जयभीम झाला. मुलगा, संदेश, अगदी गप्प. त्याची आई त्याच्याही वाटचं बोलत होती. पोहे आले. आणि मुलाच्या आईच्या अगदी डोक्यावरच्या स्विचबोर्डातून एक पंखांची मुंगी बाहेर आली. मग चार. मग अख्खं वऱ्हाड!

"अवं बाई! माह्या केसात काय शिरलं?"

मी झाडू घेऊन धावले. आमचे हे "थांबा, मी पाहतो" म्हणत टॉवेल घेऊन आले. (हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते.) पहिल्याच फटक्यात टॉवेलचं टोक संदेशच्या पोह्यांत!

"कोणी मारू नका!" प्रणाली उभी राहिली. "बाबा, लाइट बंद करा. आई, दार उघड."

आवाज असा, की मी मुकाट्याने दार उघडलं. या घरात दुसऱ्या कुणी सांगितलेलं काम मी करायची ती पहिलीच वेळ!

घरात अंधार. बाहेर रस्त्यावरचा एकच दिवा. खोलीभर भिरभिरणारी ती गर्दी हळूहळू दाराकडे वळली आणि त्या पिवळ्या उजेडाकडे तरंगत निघाली. एकेक पंख क्षणभर चमकायचा आणि विरघळायचा. कानाजवळून काहीतरी कुजबुजत जायचं. कुणी बोलेना. मुलाची आईसुद्धा! मी झाडू छातीशी धरून बघत राहिले. पुढे काय करायचं होतं, तेही मला आठवेना.

"कुठं चालल्या ह्या?" अंधारात संदेश पहिल्यांदाच बोलला.

मी प्रणालीला चिमटा काढला. (तो मुलाच्या आईला बसला.)

"लग्नाले," प्रणाली हळूच म्हणाली. "उडता उडताच लागते. मंग राणी खाली उतरते, आपले पंख आपणच तोडते आन् मातीत एकटीच घर करते. पह्यली पिल्लं कामाले लागेपर्यंत अन्नाचा कणही खात नाही."

"आन् नवरदेव?"

"ते मरतात. लग्न झालं का लगेच."

संपलं! मी मनातल्या मनात पुढच्या स्थळाला फोन लावला.

मग बशीवर चमचा वाजला.

"मंग मी पोहे खाऊन घेतो," संदेश म्हणाला.

त्याची आई इतकी हसली, की चिमट्याचा राग तिथेच वाहून गेला.

लाइट लागले. फरशीवर इथे-तिथे पंख पडले होते. संदेशने एक उचलून उजेडात धरला आणि प्रणाली त्याला त्यातल्या बारीक शिरा दाखवू लागली. झाडू माझ्या हातात होता. पण झाडावंसं वाटलं नाही.

होकार आला, तसा रोहिणखेडहून माझ्या धाकट्या बहिणीचा फोनही आला.

"ताई, जमलं म्हनतात! कसं काय जमवलं व तू?"

"नियोजन!" मी म्हणाले.

"मंग आमच्या पोरीचं पाह्यणंबी तुह्याच घरी ठेवू काय?"

"ठेव ना. फक्त येतानी पांढरं सिमेंट घेऊन येजो. आमचं संपलं."