अठ्ठावीस दिवसांचे तीन ठोकळे

“शिंगाडे, स्लॅब फोडावा लागेल.”

उपअभियंता साहेबांनी लॅबचा रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला. मेढ्याजवळच्या एका ओढ्यावर आमच्या लहान पुलाचं काम चालू होतं. मी ठेकेदाराकडचा साइट इंजिनिअर. स्लॅब ओतून महिना झाला होता आणि पावसाळा तोंडावर आला होता. स्लॅब फोडला तर पलीकडच्या वाडीची वाट आणखी एक पावसाळा बंद.

रिपोर्ट क्यूबचा होता. काँक्रीट ओततानाच त्याचे सहा इंची चौकोनी ठोकळे भरून ठेवतात. दुसऱ्या दिवशी ते साच्यातून काढून पाण्याच्या हौदात टाकायचे. तीन ठोकळे सात दिवसांनी फोडून बघतात, तीन अठ्ठावीस दिवसांनी. त्यावरून स्लॅबची ताकद धरतात. आम्हाला तीसचा आकडा हवा होता. शेवटचे तिन्ही अठराच्या आसपासच फुटले होते.

“साहेब, सात दिवसांचे तर चांगले आले होते.”

“मग नंतर काँक्रीट म्हातारं झालं काय? स्लॅब ओतल्यावर चार दिवस कुठं होता तुम्ही?”

“सांगलीला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.”

“आईच्या डोळ्याकडं बघितलंत आणि साइटवरचा डोळा काढलात.”

बोलणं लागलं, कारण ते अगदीच खोटं नव्हतं. स्लॅबमधूनच कोअर, म्हणजे ड्रिलनं कापलेला गोल तुकडा, काढून तपासायची मी परवानगी मागितली.

“काढा. पण क्यूब का पडले तेही सांगा. नुसत्या कोअरच्या जोरावर वरच्या ऑफिसला काय लिहू मी?”

साताऱ्याच्या लॅबमधून फुटलेल्या क्यूबचे तुकडे मी पोत्यात भरून घरी आणले. आतून प्रत्येकाची एक बाजू किंचित गुलाबी होती. काँक्रीट फार तापलं की असा रंग येतो, हे कॉलेजात शिकलो होतो. पण हौदातलं काँक्रीट तापेल कशानं?

आई बाहेर ओट्यावर बसली होती. तिचं माहेर आणि सासर दोन्ही माण तालुक्यातलं, मेंढरं राखणारं. जिथं मुक्काम तिथं तीन दगड मांडून तिनं आयुष्यभर स्वयंपाक केला. त्या घरातला मी पहिला पदवीधर. तिनं एक तुकडा उचलला, कडेवर अंगठा घासला आणि तो नाकाशी नेला.

“आरं, चुलीचा दगड घरात कशाला आणलास?”

“आई, ते काँक्रीट आहे.”

“आसंल. पर चुलीत बसलंय. ही बग काजळी. घासलीय कुणीतरी, पर भोकात ऱ्हायलीय.”

सकाळी साइटवर गेलो. वॉचमनची बायको शेवंताबाई भाकरी थापत होती. चुलीला तीन वेडेवाकडे दगड होते.

“शेवंताबाई, मी सांगलीला गेलो तेव्हा ह्याच दगडांवर चूल होती?”

तिचा हात थांबला. “न्हाई साहेब. हौदात एकसारखं तीन-तीन ठोकळं व्हतं. म्हनलं, पान्यात बुडवून काय करत्यात ह्ये? आमचं दगड लय डुगडुगायचं. तीन घेतलं. मग मुकादम वराडला, साहेब यायच्या आत परत हौदात टाक म्हनला. घासून टाकलं की!” मग हळूच म्हणाली, “लय झ्याक चूल व्हती, साहेब.”

मला हसू आवरेना. ती मात्र घाबरली होती. “आवं, काडून टाकशिला का आमाला?”

कोअर तीन ठिकाणी काढले. लॅबचा फोन येईपर्यंत चार दिवस घास गोड लागला नाही. तिन्ही पास झाले, चांगल्या फरकानं. फोन ठेवला आणि मी ओढ्याच्या कडेला पाय सोडून बसून राहिलो.

साहेबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले.

“मग कारण काय लिहायचं? चूल?”

“तुम्ही सांगाल ते, साहेब.”

“लिहा, ‘नमुन्यांची हाताळणी योग्य रीतीने झाली नाही.’ आणि आईला माझा नमस्कार सांगा.”

मुकादम वॉचमनला काढायला निघाला होता. मी काढू दिलं नाही. ठोकळे पाण्यात का ठेवतात, हे त्या बाईला आमच्यापैकी कुणी सांगितलंच नव्हतं, मीसुद्धा नाही.

पाऊस लागायच्या आत पूल रहदारीला खुला झाला. आता नवी साइट सुरू झाली की हौदाला जाळी आणि कुलूप लावतो. त्याआधी तीन चांगले, एकसारखे काळे दगड आणून मजुरांच्या खोपटाजवळ ठेवतो. एस्टिमेटमध्ये त्यांचा आयटम नसतो.