माणूस नसलेली जागा

अप्पा तळ्याकाठी पोचले की आधी पाणी बघत नसत, आडवे होत. अंगात पांढराशुभ्र शर्ट, खाली कडक इस्त्रीचं धोतर, आणि हा सत्तरीचा माणूस भर दुपारी मुरमाड जमिनीवर उताणा. खाली काही अंथरायचं नाही. हात पोटावर, डोळे मिटलेले. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, चक्कर येऊन पडले. धावत जाऊन हलवलं, तर एक डोळा उघडून म्हणाले, "ओ मास्तरीणबाई, कशाला उठवून राहिल्या? जागा बघू द्या की जरा." जागा बघतात डोळ्यांनी, एवढंच मला तोवर माहीत होतं.

अप्पा मूळचे उदगीरचे, नांदेडात कापडाचं दुकान. आयुष्यभर कापड चिमटीत धरून परखलेलं, त्यामुळे दिसण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "रंग कुणालाबी दाखवता येतो. अंगाला लावल्याबिगर कळत न्हाई," हे ते साडीबद्दल म्हणत आणि तळ्याच्या काठाबद्दलही. दुकान मुलाच्या हाती गेल्यावर त्यांना वेळच वेळ होता. मी त्यांची शेजारीण, कॉलेजात शिकवते. नुकतीच जुनी गाडी घेतली होती आणि ती चालवायला मला घाम फुटत होता. अप्पांनीच तोड काढली. "तुमची प्रॅक्टिस होतीय, माझी जागा होतीय. निघायचं का रविवारी?" निघालो. पुढे माझी प्रॅक्टिस कधीच पुरी झाली, पण जागा काही होईना.

जागा हवी होती अक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी. अक्कांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. पाय ओढत का होईना चालता येत होतं, डॉक्टर तर चाला म्हणूनच सांगत होते. पण अक्कांनी उंबरा ओलांडायचं सोडून दिलं. कधीकाळी सगळ्या गल्लीच्या हळदी-कुंकवाला पुढे असणारी बाई खिडकीचा पडदासुद्धा उघडू देईना. भेटायला येणारी प्रत्येक बाई "अगं बाई, काय हे झालं!" म्हणून हातावरून हात फिरवायची, आणि ती गेली की अक्का भिंतीकडे तोंड करून पडायच्या. अप्पांनी फार गयावया केली तेव्हा एकदा म्हणाल्या, "पाणी असू द्या, झाड असू द्या. माणूस नक्को. अशी जागा दावा, येते मी एक रात्र." अप्पांनी ते शब्द घट्ट धरले. अक्का एकदा घराबाहेर पडल्या तर पुन्हा पडतील, नाही पडल्या तर संपलं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. गाडीत एकदा एवढंच बोलले, "ती आत बसून बसून विझून राहिली हो."

आता, मराठवाड्यात पाणी असलेली आणि माणूस नसलेली जागा शोधणं म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच कळेल. पाणी दिसलं की माणूस आलाच. विष्णुपुरीच्या बॅकवॉटरला गेलो, तर एका बाजूला कुणाचा तरी वाढदिवस, स्पीकर छातीत धडधडतोय. दुसऱ्या बाजूला ते हल्ली निघालेले दिव्यांच्या माळावाले तंबू, आत गाद्या आणि दारात सेल्फीसाठी झोपाळा. तिथला पोरगा आम्हाला पॅकेज समजावून सांगू लागला. अप्पांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हितं वंगाळ काय हाय?" पोरगा गोंधळला. ही अप्पांची रीतच होती. चहाच्या टपरीवर, मेंढक्यापाशी, कुठंही, ते चांगलं कधी विचारत नसत. "चांगलं कुणीबी सांगतंय. वंगाळ इचारलं की माणूस खरं बोलतंय." आणि खरंच बोलत. कुठे विंचू, कुठे दारुडे, कुठे संध्याकाळी सुटणारा पाण्याचा कुबट वास, सगळी माहिती एका चहात मिळायची.

शिरूर अनंतपाळकडे एक तळं कुणीतरी सुचवलं. सुरेख होतं. अप्पा आडवे झाले, डोळे मिटले, मी आपली गाडीच्या सावलीत उभी. तेवढ्यात बांधावरून हाळी आली, "जावईबापू? अहो जावईबापू, हितं का झोपलाव?" अक्कांचं माहेर तिथून हाकेच्या अंतरावर, हे अप्पा मला सांगायलाच विसरले होते! पाहता पाहता अर्धा गाव गोळा झाला. आम्हाला घरी नेलं, धपाटे-दही खाऊ घातलं आणि अक्कांची तब्येत प्रत्येकानं वेगवेगळी विचारली. परतताना अप्पा धोतरावरची माती झटकत बसले. मी हसू दाबत म्हटलं, "अप्पा, माणसं नसलेली जागा शोधायला सासुरवाडीला आणलंत?" त्यांनी फक्त "साकु" म्हटलं. साकु म्हणजे कानडीत पुरे. चिडले की त्यांना कानडी आठवायची.

भोकरकडची गोष्ट याहून वरताण. हिवाळ्यात तळ्याचं पाणी मागं हटतं आणि ओल्या गाळाचा मऊ, सपाट पट्टा उघडा पडतो. अप्पा त्यावर लोळले आणि "गादी हाय गादी" म्हणेपर्यंत वरून आवाज आला, "हरभऱ्यावर कोन मरून पडलंय रे?" त्या गाळात शेतकरी हरभरा पेरतात, आणि तो नुकताच कुठे डोकं वर काढत होता. अप्पा उठले, पाठीला चिखल, हात जोडलेले. तो माणूस चिडला, मग हसला, मग त्यानं आम्हाला बसवून मुलीच्या लग्नापासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सगळं सांगितलं. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "काय चांगला माणूस होता!" अप्पा म्हणाले, "लई चांगला. म्हणूनच जागा बाद."

मला या सगळ्याचं भारी कुतूहल वाटू लागलं होतं. एक तर हा माणूस कधी कंटाळत नव्हता. जाईल तिथे आधी वारा कुठून येतो ते धोतराच्या सोग्यावरून बघायचा, मुंग्यांची रांग कुठं जाते तिच्यामागे वाकून चालायचा, अक्कांचा ओढता पाय अडेल म्हणून दगड पायानं बाजूला सारायचा. दुकानातल्या जाड कापडाचा एक उभा आडोसाही त्यांनी शिवून घेतला होता. अक्कांच्या खुर्चीच्या संडासासाठी. तो लावून, आत स्वतः जाऊन, वरून कुणाला दिसतं का हे मला चढावर उभं करून विचारायचे. "दिसतंय का?" "नाही अप्पा." "खरं सांगा, लाजू नका." माझ्या नवऱ्याला हे सांगितलं तर तो हसून हसून बेजार झाला. मला मात्र हसताना कुठेतरी हेवाही वाटला, आता लपवायचं कशाला?

शेवटी किनवटकडे जमलं. जंगलाच्या तोंडाशी एक लहान तळं, पलीकडे टेकडी, आणि काठापासून थोडं वर एक दांडगं झाड. गाव दिसतसुद्धा नव्हतं. नाक्यावरच्या वनरक्षकाला विचारलं, तो म्हणाला, जंगलात शिरू नका, अलीकडे माळावर खुशाल राहा. झाडाखालची जमीन तर काय सांगू! सगळीकडे पाचोळ्याचा खच आणि नेमकं या झाडाखाली अंगणासारखं लख्ख. एक काडी नाही, एक खडा नाही. अप्पा आडवे झाले आणि चक्क घोरू लागले. उठले ते गहिवरूनच. "मास्तरीणबाई, देवानं झाडून ठेवली बगा." आम्हा दोघांपैकी एकालाही, ते देवानं नाही तर कुणी झाडलं असेल, हा प्रश्न पडला नाही. कापडवाले आणि मास्तरीण, दोघंही तसे जन्माचे शहरीच.

पुढच्याच आठवड्यात अक्कांना घेऊन गेलो. गाडीत त्यांनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि डावा हात पदराखाली. संध्याकाळी खुर्चीत बसून पाण्याकडे बघत राहिल्या. अप्पा लहान मुलासारखे घिरट्या घालत होते, "बरं हाय न्हवं? वारं लागतंय का?" शेवटी अक्का म्हणाल्या, "बसा की एका जागी. झाडबी दमलं तुमच्याकडं बघून." अप्पांचा चेहरा असा उजळला की काय सांगू.

पहाटे तंबूवर टपटप सुरू झालं. मी बाहेर आले तर हवेत गोड, जड वास आणि जमिनीवर फिकट पिवळी, रसाळ फुलंच फुलं. झाड मोहाचं होतं. अप्पा अंघोळ करून, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलेले. अक्कांना मी खुर्चीत बसवलं. आणि तेवढ्यात टोपली घेऊन एक बाई चढावर आली, थबकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"ह्ये काय वो? माझ्या झाडाखाली डेरा?"

मोहाची फुलं पडायची वेळ आली की ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असतं, खालचा पाचोळा काढून जमीन स्वच्छ करतात, म्हणजे पहाटे पडलेली फुलं मातीविना वेचता येतात, हे तिनं आम्हाला भरपूर हातवारे करून सांगितलं. म्हणजे आम्ही एखाद्याच्या खळ्यात रास पडायच्या वेळी अंथरूण टाकलं होतं. वर म्हणाली, "आन् मोहावर अस्वल येतंय. रातच्याला आलं न्हाई का?" अप्पांच्या हातातली विभूती तिथंच सांडली.

पण त्यांना अस्वलाची पर्वा नव्हती. माणूस आलं होतं! घाईघाईनं उठून ते अक्कांच्या आणि त्या बाईच्या मधे जाऊन उभे राहिले, हात जोडले. "चुकलं माय. आत्ता काढतो तंबू. हिला बरं नसतंय, हिला तेवढं..." अक्कांनी हात पदराखाली ओढला होता आणि तोंड पाण्याकडे वळवलं होतं. संपलं, मला वाटलं. आता अक्का परत कधी घराबाहेर येत नाहीत.

ती बाई अप्पांना वळसा घालून सरळ अक्कांपुढे आली. पदराखालच्या हाताकडे बघितलं. "ह्यो चालत न्हाई व्हय?" अक्कांनी पदर आणखी ओढला. "आन् ह्यो?" उजव्या हाताला बोट लावून तिनं विचारलं. "ह्यो चालतोय," अक्का कशाबशा म्हणाल्या. "मंग बसा खाली, माय. तुमच्या डेऱ्यानं माझी फुलं आडवलीत. मी एकली कवा येचू? ऊन झालं की इटत्यात ती."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना ताडपत्रीवर बसवलं. तिनं टोपली त्यांच्या लुळ्या हाताला टेकवून ठेवली आणि स्वतः पलीकडे वेचायला लागली. अक्का एक फूल उचलत, टोपलीत टाकत. मग भराभर. मग त्या बाईला विचारू लागल्या, ह्याचं करता काय, वाळवता कसं, लेकरं किती, सासू कशी. सासूबद्दलच्या उत्तरावर अक्का मोठ्यानं हसल्या. ते हसू मी शेजारी राहून कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

अप्पा तळ्याकाठी जाऊन पाठ करून बसले होते. मी चहा घेऊन गेले तर त्यांचे डोळे गच्च भरलेले. "मी येडा," म्हणाले. "माणसं हाकलून जागा हुडकून राहिलो." मी चहा दिला आणि शेजारी बसले.

त्यानंतर अक्का आधी फाटकापर्यंत आल्या, मग भाजीच्या गाड्यापर्यंत. "काय हे झालं" म्हणणाऱ्या बायकांना त्या आता "झालं, पुढं सांग" म्हणू लागल्या. अप्पा जागा शोधत राहिले, फक्त आता "गाव जवळ हाय का?" हा पहिला प्रश्न असे. एकदा तर उत्साहाच्या भरात अशी जागा पसंत केली की तळं आणि एसटी स्टँड यांच्यामध्ये फक्त रस्ता. अक्कांनी कपाळावर हात मारला. आणि फाल्गुनात आम्हा तिघांचं किनवट ठरलेलं. तंबू मोहापासून चांगला लांब, आणि पहाट मात्र मोहाखाली.

गेल्या मार्गशीर्षात अप्पा लिंगैक्य झाले. मुलाला मदत म्हणून दुकानात बसले होते, गिऱ्हाइकाला कापड दाखवत होते, तिथेच. मला स्वतःचा बाप गेल्यासारखं झालं. आणि त्याहून भीती वाटली ती अक्कांची. पुन्हा पडदे ओढले गेले होते. मी रोज जायची, त्या भिंतीकडे बघत असायच्या. मुलगा म्हणाला, आता यांना कुठं नेऊ नका. मीही मान डोलावली.

फाल्गुनात एका सकाळी अक्का काठी टेकत आपणहून माझ्या दारात उभ्या राहिल्या. "मोह पडाय लागला असंल. गाडीत तेल हाय का?" मी चपलासुद्धा उलट्या घातल्या घाईत.

दुपारी पोचलो. ती बाई लांबूनच धावत आली आणि गाडीत वाकून बघू लागली. "मालक न्हाई आले?" मी बोलणार, तर अक्कांनी मला हातानं थांबवलं आणि स्वतःच सांगितलं. "गेले, माय. थंडीत." बाईनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "तुमच्यासाठी जागा झाडून ठिवली की मी. औंदा तिकडं, ऐनाच्या झाडाखाली."

खरंच झाडलेली होती. दगड वेचून कडेला लावलेले, बुडाशी पाण्याचा माठसुद्धा. अक्का पाय ओढत तिथवर गेल्या आणि त्या लख्ख जमिनीच्या कडेनं काठी फिरवली. माझा तर बांधच फुटला. काठी टेकून अक्का म्हणाल्या, "तिघांची झाडलीस गं."

"व्हय. दरसाली तिघं येताव न्हवं."

"मग आज तू ऱ्हा हितं. तिसरी."

बाईनं एकदा गावाच्या वाटेकडे बघितलं, एकदा अक्कांकडे. "गोधडी घेऊन येते," म्हणाली, आणि चढ उतरून निघाली.