केळीच्या दोन रांगा

शेणखताचा वास आला की मला बी.ए.ची तोंडी परीक्षा आठवते. घराण्यातली पहिली पदवी तिच्यावर अडली होती. परीक्षक मॅडमनी विचारलं, समाजशास्त्रात प्रयोगशाळेतल्या प्रयोगाचे गुण-दोष काय? पाठ केलेलं सगळं विसरले आणि मनाने वटार गावातल्या आमच्या केळीच्या वाडीत पोचले. म्हटलं, "माझे वडील केळीच्या एका रांगेला नवं खत घालतात, शेजारच्या रांगेला जुनंच. माती-पाणी तेच, म्हणून फरक खताचाच हे पक्कं कळतं. पण कोणी बघतंय हे केळीला कळत नाही. माणसाला कळतं, मग तो शहाण्यासारखा वागतो." मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे कुठल्या पुस्तकात आहे?" "वाडीत आहे, मॅडम." वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला पडले. वडील म्हणाले, "पास माझी केळ झाली, तू नुसती बोललीस." आज मी हाच विषय शिकवते आणि पहिला तास केळीवरच घेते.