बारा दिवसांची काजळी

मी मोठ्या माणसांसाठी बाहुलीघरं करते, हे चामोर्शीत कुणालाच पहिल्या फटक्यात पटत नाही. "कोन्या लेकराले?" असं विचारतात. लेकराला नाही, साठ वर्षांच्या बाईला, असं सांगितलं की समोरचा माणूस जरा वेळ माझ्याकडे बघतो आणि मग घरी सगळं बरं आहे ना, अशी चौकशी करतो. पण अशी घरं जमवणारी माणसं असतात. कुणाला पाडून टाकलेलं आजोळ हवं असतं, कुणाला बापाचं सरकारी क्वार्टर. मी एका फुटाला एक इंच असं माप धरते. सात फुटी दार सात इंचाचं होतं, आणि छपरावर बोटाच्या पेराएवढी कवेलू, म्हणजे कौलं, बसतात.

ही साठ वर्षांची बाई पुण्याची. तिच्याकडे अशी पंधरा घरं होती आणि सोळावं तिला आपल्या माहेरचं हवं होतं. ते घर आमच्याच तालुक्यातलं, केव्हाच पडून गेलेलं. तिने एक जुना काळा-पांढरा फोटो पाठवला आणि सोबत चार पानी पत्र. चुलीमागची भिंत काळीकुट्ट, दाराशेजारचा मातीचा पोपडा निघालेला, कोपऱ्यात जाळं, सपरीवरची, म्हणजे पुढच्या ओसरीवरची, तीन कवेलू फुटलेली. खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं, "कृपा करून काहीही सुंदर करू नये." शिवणकाम बंद करून मी या धंद्यात पडले होते. तिच्या ओळखीचे आणखी चौघे तिच्या एका शब्दासाठी थांबले होते. हे घर तिला पसंत पडलं नसतं, तर मी पुन्हा ब्लाऊजला हुक लावत बसले असते.

घर बांधायला महिना लागला, घाण करायला बारा दिवस. चिमणीची काजळी कुंचल्याने थरावर थर लावली. चहाच्या पाण्याने ओलीचे डाग पाडले. जाळ्यासाठी कापसाचा एकेक तंतू डिंकात बुडवून ताणला. मी स्वतःवर इतकी खूश होते, की येईल त्याला भिंग देऊन ते जाळं दाखवत होते.

सासूबाईंना मात्र ते बघवत नव्हतं. पंचाहत्तरीच्या बाई. आमच्या घराला सिमेंट लागून कितीतरी वर्षं झाली, तरी त्या मागची पडवी अजून स्वतः सारवतात. भिंती लिंपायचं काम मी त्यांनाच दिलं होतं, कारण एका बोटाने इतकी सारखी माती माझ्याच्याने बसत नाही. त्या लिंपलेल्या भिंतीवर मी काजळी फासायला लागले तेव्हा त्यांनी जेवण कमी केलं.

"रोज बसून घाण करून राह्यली तू," त्या म्हणाल्या. "काऊन व? मी काय पाप केलं?"

पुण्याच्या बाई घर न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी मी काचेचं झाकण आणायला चंद्रपूरला गेले. संध्याकाळी परतले तर सासूबाई दारातच बसलेल्या. हात मातीने माखलेले, चेहरा पोळ्याच्या दिवसासारखा उजळलेला.

"पाय जपून टाक," त्या म्हणाल्या. "ओलं हाये."

त्यांनी बाहुलीघराच्या पुढच्या तिन्ही भिंती सारवून काढल्या होत्या. स्वयंपाकघर पांढऱ्या मातीने लख्ख. फुटकी कवेलू बदललेली, जाळं झाडलेलं, उंबऱ्यावर कुंकवाचं बोट. अंगणात दात कोरायच्या काडीने रांगोळीही काढली होती.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, पण त्यांच्यावर मी पहिल्यांदाच ओरडले. "आई, हे काय करून ठेवलं तुम्ही!"

"पाहुनी येऊन राह्यली अन् घर असं ठेवू?"

"ती घरच न्यायला येतेय!"

"तं मंग? तिच्या इथी लोकं येतीन, पाहतीन. म्हनतीन, चामोर्शीच्या बाया अशाच असतेत."

मी काजळीची वाटी काढली आणि पुन्हा लावायला बसले, तर ओल्या मातीवर ती धरेना, नुसती ओघळायला लागली. सासूबाईंनी ओला फडका आणून तेवढंही पुसून टाकलं.

सकाळी बाई आल्या. रेशमी साडी, हातात घड्याळ, डोळ्यांवर सोनेरी काड्यांचा चष्मा. बाहुलीघरासमोर वाकून त्यांनी एकेक भिंत पाहिली.

"हे आमचं घर नाही," त्या म्हणाल्या.

"हे जरा... सणासुदीचं केलं आहे," मी म्हटलं. इतकं गचाळ खोटं मी शाळेतसुद्धा बोलले नव्हते.

"मीनं केलं ते," सासूबाई पुढे झाल्या. "बाई, तो फोटू काढला तवा तुमची माय बिमार होती ना?"

बाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाले काय लागते? भिंत दिसत नाई का मले? दोन सण गेले, हात नाई लागला तिले. उठता येत असतं तं कोनती बाई असं ठेवन घर?"

मी तो फोटो बारा दिवस भिंगाखाली धरला होता. डाग मोजले होते. त्या घरात कुणी आजारी असेल, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

बाई खुर्चीवर बसल्या. "वर्षभर खाटेवर होती," त्या म्हणाल्या. "मी तेरा वर्षांची. रोज म्हणायची, पोरी, लोक येतात गं, तेवढी भिंत सारवून घे. मी हो म्हणायचे आणि खेळायला पळायचे. ती गेली तेव्हाही भिंत तशीच होती."

आता सासूबाई त्यांना जवळ घेतील, असं मला वाटलं. पण त्या आत गेल्या आणि मातीचा वाडगा घेऊन आल्या.

"मांगची भिंत राह्यली हाये अजून," त्या म्हणाल्या. "करता?"

बाईंनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि रेशमी साडीनिशी फरशीवर मांडी घातली. बोट मातीत बुडवून भिंतीवर फिरवलं.

"असं नाई. आडवं. एका दमानं."

"हो."

"मातीचे गोटे राह्यले पाह्य तिथी. पुस. पुन्हा कर."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकाला माती लागली होती, आणि त्या एकेका बोलण्याला हो म्हणत होत्या. सासूबाईंनी तीनदा पुसायला लावलं, त्यांनी तीनदा केलं. चौथ्या वेळी सासूबाई वाकल्या आणि त्यांनी भिंतीवरून डोळे फिरवले.

"साजरं झालं," त्या म्हणाल्या. "जाय आता. खेळाले जाय."